नागिनची बीन कोणी वाजवली?

आमच्या बिलोलीकडे वरात कुणाचीही असो, हिंदूची वा मुसलमानाची, बँडवाला एकदा तरी ती धून काढतोच. मग गर्दीतला एक जण रुमालाचं टोक दातात धरून बीनवाला होतो आणि दुसरा नवी पँट घालून थेट डांबरी रस्त्यावर आडवा होतो. देगलूर, धर्माबाद, नायगाव, सगळीकडे हेच. बँड पार्टीत बहुतेक वादक मातंग किंवा मुसलमान असतात. नोटेशन वाचणारा क्वचितच सापडतो. कानाने ऐकून बापाकडून पोराकडे ही धून आलेली आहे, आणि तिला सगळे ‘नागिनची बीन’ म्हणतात.

गंमत अशी की त्यात बीन नाहीच. ‘नागिन’ हा चित्रपट १९५४ चा. संगीत हेमंतकुमार यांचं. पुंगीसारखा जो आवाज आपण सत्तर वर्षं ऐकत आलो, तो क्लाव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डचा आहे. साथीला हार्मोनियमवर पुढे संगीतकार म्हणून नावारूपाला आलेले रवी होते. क्लाव्हिओलिन हे वाद्य कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ साली बनवलं. त्यावर एका वेळी एकच सूर वाजतो. पियानोच्या सवयीच्या युरोपियन कानाला ही मोठीच उणीव. आपलं संगीत मात्र मुळातच एका ओळीत चालणारं, त्यामुळे आपल्याला त्यात काही कमी वाटलं नाही. सुराला कंप देण्याची सोय त्यात होती, आणि पुंगीचा नाकातला आवाज त्यातून हुबेहूब निघत होता. इंग्लंडमध्ये याच वाद्यावरची ‘टेलस्टार’ ही धून १९६२ साली गाजली आणि अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेली. विजेच्या संगीताच्या इतिहासात तिचं नाव आदराने घेतलं जातं. आपली नागिन तिच्या आठ वर्षं आधीची. ‘नागिन’ पडद्यावर आला तेव्हा बिलोली अजून हैदराबाद राज्यात होती. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो १९५६ च्या नोव्हेंबरात. म्हणजे विजेवर तयार झालेलं संगीत आमच्याकडे महाराष्ट्राच्या आधी पोहोचलं, आणि कित्येक गावांत विजेच्याही आधी.

ते क्लाव्हिओलिन वाजवणारा तरुण होता कल्याणजी वीरजी शाह. वय सव्वीस. हेच पुढचे कल्याणजी-आनंदजी मधले कल्याणजी. कुटुंब कच्छचं. वडील मुंबईत आले आणि गिरगावात त्यांनी किराणा दुकान टाकलं. घरात गाण्याची परंपरा नव्हती, कुणाचा गंडा बांधलेला नव्हता. मुलांना संगीत मिळालं ते उधारीतून. एका गिऱ्हाइकाकडून दुकानाचे पैसे फिटेनात, तेव्हा त्याने त्या बदल्यात मुलांना संगीत शिकवायचं कबूल केलं. हा किस्सा त्यांच्याबाबत नेहमी सांगितला जातो. किराणा घराणं म्हटलं की आपल्याला उस्ताद अब्दुल करीम खाँ आठवतात. कल्याणजींचं किराणा घराणं हे असं होतं.

ही गोष्ट मी सांगतोय ती ‘उपरा’ या शब्दासाठी. घराण्याबाहेरचा, जातीबाहेरच्या धंद्यात शिरलेला, घरच्यांनाही न कळणारा हुशार पोरगा. असे पोरगे प्रत्येक गावात असतात. त्यांचं पुढे काय होतं याची नोंद फारच थोड्यांच्या बाबतीत राहते. ज्यांची राहिली, त्यांच्याकडे पाहताना मला एक धागा दिसतो. नव्या यंत्राला घराणं नसतं. सतार, सारंगी, तबला यांना खानदान आहे. कोणाकडून शिकलास, हा पहिला प्रश्न. १९५४ साली क्लाव्हिओलिनबद्दल हा प्रश्न विचारायला मुंबईत कोणी उस्तादच नव्हता.

यंत्राकडे जाण्याआधी नौशाद यांच्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण ती गोष्ट थेट आपल्या घरातली आहे. नौशाद अली लखनौचे. जन्म १९१९. वडील वाहिद अली कचेरीत मुन्शी. मुलाला मूकपटांच्या थिएटरचा नाद. तिथे पडद्यासमोर बसून साजिंदे वाजवायचे, आणि पोरगा चित्रपटापेक्षा त्यांच्याकडे बघत बसायचा. वाद्यांच्या दुकानात काम करून त्याने पेटीवर हात बसवला. वडिलांनी एक दिवस स्पष्ट सांगितलं, घर निवड किंवा संगीत. त्याने संगीत निवडलं आणि १९३७ मध्ये मुंबई गाठली. अठरावंही पुरं झालेलं नव्हतं. दादरच्या ब्रॉडवे थिएटरसमोरच्या फुटपाथवर त्याने रात्री काढल्या. पंधरा वर्षांनी ‘बैजू बावरा’ त्याच थिएटरला लागला, तेव्हा नौशाद समोरच्या फुटपाथकडे बघून रडले. हे त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलं.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यांच्या लग्नाचा किस्सा. ‘रतन’ १९४४ साली आला आणि त्याची गाणी देशभर वाजू लागली. लखनौत नौशादच्या निकाहाची तयारी चालली होती. सासरच्यांना सांगितलेलं होतं की मुलगा मुंबईत शिंपी आहे. गाणंबजावणं करतो म्हटलं तर मुलगी कोण देणार! वरातीत बँडवाले वाजवत होते ‘रतन’ चीच गाणी, आणि नवरदेव सेहऱ्याआड गप्प. शिंपीकाम हलकं नव्हे, पण त्या काळच्या इज्जतीच्या हिशेबात संगीतकार शिंप्याच्याही खाली होता, एवढं यातून कळतं.

तो हिशेब आजही मोडलेला नाही. “बाजा बजानेवाले को बेटी कौन देगा?” हे वाक्य मी आमच्या भागात दखनीत ऐकलं आहे, मराठीतही ऐकलं आहे. त्यात धर्माचा भाग आहे, तो टाळून चालणार नाही. संगीत जायज की नाजायज यावर उलेमांमध्ये हजार वर्षं मतभेद आहेत. इमाम गझालींनी ‘इह्या’ मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, अटी घातल्या, सरसकट बंदी घातली नाही. आपल्या मराठवाड्यात खुलदाबादला विसावलेले हजरत बुरहानुद्दीन गरीब समाअचे किती शौकीन होते, हे त्यांच्या मुरीदांनी लिहून ठेवलं आहे. ज्याला संगीत नको त्याचा तो हक्क आहे. पण नौशादच्या सासरी जी लाज लपवली गेली ती फतव्याची नव्हती, सामाजिक दर्जाची होती. या दोन गोष्टी आपण फार सहज एकमेकींत मिसळतो.

आता मराठी कादंबरीकडे. मराठीतला तरुण बंडखोर म्हटलं की वाचकाच्या मनात पहिला येतो तो पांडुरंग सांगवीकर. ‘कोसला’ १९६३ मध्ये आली, तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. पांडुरंग खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला येतो, होस्टेलच्या आणि गॅदरिंगच्या भानगडी अंगावर घेतो, कर्जात जातो, धाकटी बहीण मनी देवीने जाते, आणि शेवटी तो गावी परत येतो. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ आली. मुंबईतल्या नाक्यावर उभी राहणारी पोरं, पोक्या सांगतोय आणि त्याची भाषा अशी की आचार्य अत्र्यांनी झोड उठवली. अमेरिकेत सॅलिंजरचा होल्डन १९५१ मध्येच शाळा सोडून न्यूयॉर्कभर फिरून आला होता. हमीद दलवाईंची ‘इंधन’ सुद्धा १९६५ चीच. तिथला निवेदक कोकणातल्या आपल्याच गावात परत येऊन परका होतो. पण तो पोरसवदा नाही. पांडुरंगाच्या वयाचा, त्याच्याइतका तिरसट आणि हुशार मुसलमान मुलगा त्या दशकातल्या मराठी कादंबरीत मला भेटलेला नाही.

‘कोसला’ मी कॉलेजात वाचली आणि पांडुरंगावर फिदा झालो. आज वाचताना मात्र वेगळंच दिसतं. या पोराला सगळं करता येतं, पण त्याच्या हातात काही नाही. त्याच्याजवळ फक्त जीभ आहे. तिनेच तो सगळ्यांची टर उडवतो आणि तिनेच स्वतःला पोखरतो. पोक्याचंही तेच. नाक्यावर दिवसभर उभं राहायला लागणारी सगळी ऊर्जा आहे, ती ठेवायला जागा नाही. कादंबरी म्हणून हे खरंच आहे, नेमाड्यांनी किंवा पाध्यांनी त्यांच्या हातात गिटार द्यायला हवी होती असं मी म्हणत नाही. पण वासूनाक्याच्या त्याच मुंबईत, त्याच वर्षांत, काही खरी पोरं स्टुडिओच्या दारात उभी होती आणि त्यांना आत घेतलं जात होतं.

त्यातलं एक नाव केरसी लॉर्ड. पारशी. वडील कावस लॉर्ड चित्रपटसंगीतात तालवाद्यं वाजवायचे, त्यामुळे केरसी शाळकरी वयातच स्टुडिओत पोहोचला. तो कल्याणजींसारखा दारिद्र्याच्या किंवा अनोळखीपणाच्या अर्थाने उपरा नव्हता. पण हिंदुस्थानी संगीताच्या खानदानी नकाशावर पारशी वादकाला, किंवा गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती व्हायोलिनवाल्याला, जागा नव्हती. चित्रपटाच्या स्टुडिओत होती. १९७३ च्या सुमारास केरसीने मिनीमूग सिंथेसायझर आणला. वादकांमध्ये धास्ती पसरली की हे एक यंत्र दहा जणांच्या पोटावर पाय देईल. जुन्या लोकांच्या या भीतीला आपण हसतो. मला ती अगदी रास्त वाटते. पुढच्या वीस वर्षांत व्हायोलिनवाल्यांच्या रांगा स्टुडिओतून खरोखरच गेल्या. ज्या यंत्राने उपऱ्यांना दार उघडलं त्यानेच इतर उपऱ्यांची रोजीरोटी घेतली.

अहमदाबादला मात्र दार सरकारी होतं. तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर आला आणि त्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला. पुढाकार गीता साराभाईंचा. तिथे ज्यांनी काम केलं त्यांत जिनराज जोशीपुरा हा विशीच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी होता. तीन वर्षांत सगळं थंडावलं. टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनच्या पॉल पुर्गस या कलावंताला त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. पन्नास वर्षं! टेप नीट ठेवली म्हणून सापडली तरी. मुंबईतल्या किती गेल्या असतील.

आणि मग १९८२. चरणजीत सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. तेव्हा चाळिशीतले, म्हणजे पोरगे नव्हेत. पण ज्याचं नाव कधी पडद्यावर येत नाही असा वादक कितीही वर्षं घालवली तरी बाहेरचाच राहतो, म्हणून त्यांना या रांगेत घेतो. त्यांनी जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकमेकांना जोडली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही चिमुकली बास मशीन. त्यावर भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने रेकॉर्ड काढली. चालली नाही.

यातलं टीबी-३०३ विशेष आहे. गिटार वाजवणाऱ्याला घरी सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. त्याचा आवाज खऱ्या बाससारखा अजिबात नव्हता, म्हणून ते खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण त्यात एक सोय होती, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची. आपल्या कानाला ती मींड वाटते. चरणजीत सिंगांनी ती नेमकी हेरली. ललतमध्ये दोन मध्यम येतात, तोडीत कोमल गांधार हवा तसा लागला नाही तर राग राहत नाही. अशा जागी पेटी हतबल होते. हे यंत्र घसरून तिथे पोहोचायचा प्रयत्न करतं. दर वेळी जमतं असं नाही. ऐकताना यमन सुखात आहे आणि ललत अवघडलेला आहे, असं माझं मत.

इकडे अमेरिकेत हीच बंद पडलेली यंत्रं जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागली. शिकागोच्या तीन काळ्या तरुणांनी, फ्यूचर या गटाने, टीबी-३०३ ची बटणं उलटसुलट पिळून एक लांबलचक तुकडा तयार केला. तो १९८७ मध्ये रेकॉर्डवर आला आणि त्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार जन्मला. डेट्रॉइटजवळ बेलव्हिल या गोऱ्यांच्या उपनगरात शाळा शिकलेली ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन ही तीन काळी पोरं टेक्नोची जनक मानली जातात. वर्गात मोजकेच आपल्यासारखे, म्हणून एकमेकांना धरून राहिलेले. नांदेड-लातूरच्या कॉलेजात एखाद्या वर्गात दोन-तीनच मुसलमान पोरं असतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

चरणजीत सिंगांची रेकॉर्ड २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत सापडली. त्याने ती २०१० मध्ये पुन्हा काढली, आणि युरोपात एकच गहजब झाला की ॲसिड हाउस मुंबईत जन्मलं. हा दावा मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ती रेकॉर्ड ऐकलेली नव्हती, आणि मुंबईतही तिच्यामागून कोणी गेलं नाही. एकाच यंत्राजवळ जगाच्या दोन टोकांना दोन उपरे बसले आणि दोघांना यंत्राचा तोच कोपरा सापडला, एवढंच खरं, आणि ते पुरेसं नवलाचं आहे. सत्तरीत चरणजीत सिंग युरोपात त्या रेकॉर्डचे कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये मुंबईत वारले.

या सगळ्याची एक जुनी कडी बगदादमध्ये आहे. नवव्या शतकात मूसा इब्न शाकिर नावाचा माणूस होता. त्याच्याबद्दल लिहिलंय की तरुणपणी तो वाटमारी करायचा, पुढे सुधारला, ज्योतिषी झाला आणि खलिफा मामूनच्या मर्जीत बसला. तो वारला तेव्हा मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन मुलगे पोरके झाले. मामूनने त्यांना बगदादच्या सुभेदाराच्या हवाली केलं आणि बैतुल हिक्मामध्ये शिकायला घातलं. हे तिघे म्हणजे बनू मूसा. भूमितीत, खगोलात त्यांचं नाव झालं. त्यांच्या ‘किताबुल हियल’ मध्ये शंभराच्या आसपास यंत्रांची वर्णनं आहेत. शिवाय ‘आपोआप वाजणारं वाद्य’ म्हणून त्यांचा वेगळा लेख आहे. त्यात पाण्याच्या जोरावर एक दंडगोल फिरतो, त्यावर खुंट्या आहेत, आणि त्या खुंट्या बासरीची भोकं उघडतात-मिटतात. खुंट्या बदलल्या की धून बदलते. टीबी-३०३ मध्ये आधी सूर भरून ठेवायचे आणि मग यंत्राने ते वाजवायचे, त्याचा हा साडेअकराशे वर्षांपूर्वीचा पूर्वज. आपल्याकडे ‘मुसलमानांचं विज्ञान’ म्हणून जी भाषणं होतात त्यात बनू मूसा येतात, पण ते वाटमाऱ्याची पोरं होते हे कोणी सांगत नाही. मला तर तोच भाग महत्त्वाचा वाटतो.

अर्थात आत गेल्यावर हे तिघे भाऊ साधुसंत राहिले नाहीत. अल-किंदीसारख्या थोर विद्वानाशी त्यांचं वैर होतं, आणि खलिफा मुतवक्किलच्या काळात त्यांनी कारस्थान करून त्याचं ग्रंथालयच जप्त करवलं. कल्याणजींनी उतारवयात ‘लिटल वंडर्स’ म्हणून लहान मुलांचा गट चालवला, त्यातून सुनिधी चौहान पुढे आली. दोन्ही नमुने लक्षात ठेवण्यासारखे.

आज बिलोलीत, धर्माबादेत, सोळा-सतरा वर्षांची पोरं जुन्या लॅपटॉपवर मिक्स बनवतात. संदलसाठी कव्वालीवर ठेका चढवतात, जयंतीसाठी भीमगीतावर, गणपतीसाठी आरतीवर. ग्राहक सगळ्या धर्मांचे. बनवणारा बरेचदा मुसलमान किंवा दलित पोरगा, दहावीला गणितात अडकलेला. डीजेच्या भिंतींनी म्हाताऱ्यांची छाती धडधडते हे खरं आहे. त्याबद्दल तक्रार रास्त आहे आणि मीही केलेली आहे. घरी बाप म्हणतो पंक्चरचं दुकान तरी टाक. कोणी त्याला विचारत नाही की हा ठेका तू कसा जोडलास.

त्या मिक्समध्ये एक गोष्ट सर्वांना खटकते. दर अर्ध्या मिनिटाला मधेच एक घोगरा आवाज येऊन बनवणाऱ्याचं नाव ओरडतो, गावासकट. दर्दी लोक म्हणतात, गाण्याची मजा घालवली. ‘नागिन’ च्या रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव होतं, गायिकेचं होतं. क्लाव्हिओलिन वाजवणाऱ्याचं नव्हतं.